शूटर गेममध्ये रेझोल्यूशन किती ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्यांचा कुठलाही ग्रुप घ्या, दर दोन दिवसांनी हाच विषय निघतो. रेझोल्यूशन किती ठेवू, कमी केलं तर एफपीएस वाढतील का, प्रो लोक ४:३ का खेळतात, वगैरे वगैरे. उत्तरं पण ठरलेली, "१२८०×९६० स्ट्रेच मार भावा, मक्खन चालेल." कधी खरंच मक्खन चालतं आणि कधी काडीचा फरक पडत नाही, पण का पडत नाही ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवलंय. खाली रेझोल्यूशन म्हणजे चित्रात आडवे आणि उभे किती ठिपके, म्हणजे पिक्सेल; ७२०पी म्हणजे १२८०×७२०, १०८०पी म्हणजे १९२०×१०८०, १४४०पी म्हणजे २५६०×१४४० आणि ४के म्हणजे ३८४०×२१६०. स्ट्रेच म्हणजे ४:३ मापाचं चौकोनी चित्र ताणून १६:९ च्या रुंद स्क्रीनभर करणं, आणि सीएस २ म्हणजे काउंटर-स्ट्राइक २. एफपीएस म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेम, आणि गेमच्या प्रकारालाही एफपीएसच म्हणतात म्हणून त्याला मी नुसतं शूटर म्हणतोय, नाहीतर घोळ होतो.

रेझोल्यूशन कमी केलं की एफपीएस वाढतातच ना?

ग्राफिक्स कार्ड अडलेलं असेल तर वाढतात, नाहीतर नाही.

एक फ्रेम बनायला दोघं राबतात. प्रोसेसर बघतो कोण कुठे उभाय, कोणाची गोळी कुठे लागली, ग्रेनेड कुठे उसळला, आणि मग कार्डाला यादी देतो की हे हे काढ. कार्ड ते चित्र पिक्सेल-पिक्सेलने रंगवतं. रेझोल्यूशनचा संबंध जवळपास सगळा या दुसऱ्या कामाशी आहे. १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि १२८०×९६० म्हणजे १२,२८,८००, म्हणजे रंगवायचं काम साधारण ४१ टक्के कमी झालं, कार्ड खूश. पण प्रोसेसरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला तेवढेच दहा खेळाडू आणि तेवढ्याच गोळ्या मोजायच्यात. तो एका फ्रेमला ८ मिलिसेकंद घेत असेल तर १२५ एफपीएसच्या वर गाडी जाणार नाही, मग तुम्ही ६४०×४८० लावा नाहीतर अजून काही. पंगतीत आचारी एकच असेल तर वाढपी कितीही वाढवले तरी पुऱ्या त्याच्या वेगानेच येणार.

मग माझ्याकडे नक्की कोण अडलंय हे कसं ओळखायचं?

पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न करता सेटिंग बदलत बसणारे लोक बघून खरंच वाईट वाटतं.

आधी व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, फ्रेम कॅप (एफपीएसवरची मर्यादा) काढा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. मग डेथमॅचमध्ये, म्हणजे सगळे सतत लढत असतात त्या मोडमध्ये शिरा, रिकाम्या प्रॅक्टिस मॅपवर नको, कारण रिकाम्या मॅपवरचे एफपीएस नेहमी छान दिसतात आणि खऱ्या मॅचमध्ये दहा जण, दोन मॉली (आगीच्या बाटल्या), तीन स्मोक (धुराचे ग्रेनेड) आल्यावर निम्मे होतात. तुमच्या नेहमीच्या रेझोल्यूशनवर साधारण किती एफपीएस येतात बघा, मग १२८०×७२० करा आणि त्याच मॅपवर पुन्हा बघा. ९० चे १५० झाले तर कार्ड अडलं होतं. १३० चे १३६ झाले तर प्रोसेसर अडलाय, आणि रेझोल्यूशन कमी ठेवून तुम्ही फुकट चित्र खराब करून घेताय, परत वर न्या.

व्हॅलोरंटमध्ये अजून सोपं, सेटिंगमधल्या स्टॅट्स टॅबमध्ये सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयूचा (ग्राफिक्स कार्ड) फ्रेम टाइम, म्हणजे एका फ्रेमला लागणारा वेळ, वेगवेगळा दाखवायची सोय आहे, ज्याचा आकडा मोठा तो अडलाय. सीएस २ मध्ये टेलिमेट्रीच्या सेटिंगमधून एफपीएस आणि फ्रेम टाइम स्क्रीनवर आणता येतो. आणि कुठल्याही गेमला विंडोज की आणि जी दाबून गेम बार उघडा, त्यात जीपीयू किती टक्के चाललंय ते दिसतं. सतत ९५ च्या वर असेल तर कार्ड, ६०-७० वर रेंगाळत असेल तर बहुतेक प्रोसेसर.

इथे एक गंमत असते. लोक म्हणतात "पण माझा प्रोसेसर तर ४० टक्केच दाखवतोय, तो कसा अडेल?" तो ४० टक्के सगळ्या कोअरची सरासरी आहे. गेमचा मुख्य धागा एकाच कोअरवर पळत असतो, तो कोअर फुल्ल झाला की बाकीचे कोअर रिकामे बसून काही उपयोग नाही.

पिक्सेल ४१ टक्के कमी केले, मग एफपीएस त्या हिशेबात का नाही वाढले?

कारण कार्डाचं सगळंच काम पिक्सेलवर अवलंबून नसतं. सावल्यांचे नकाशे वेगळ्या ठरलेल्या मापात बनतात, मॉडेलचे त्रिकोण तेवढेच राहतात, ते काम ७२०पीला पण तेवढंच आणि ४के ला पण तेवढंच.

हिशेबापुरतं धरा की कार्डाला १०८०पीवर एका फ्रेमला १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १०० एफपीएस. त्यातले २ मिलिसेकंद न बदलणारे आणि ८ पिक्सेलवर अवलंबून. १२८०×९६० केलं की त्या ८ चे ४.७ झाले, अधिक ते २, म्हणजे ६.७ मिलिसेकंद, साधारण १४८ एफपीएस. वा, मस्त. पण प्रोसेसर ८ मिलिसेकंदवाला असेल तर तुम्हाला दिसणार १२५ च. म्हणजे वाढले २५ टक्के, आणि यूट्यूबवरच्या पोराने त्याच्या तगड्या प्रोसेसरवर ४८ टक्के वाढलेले दाखवले होते. तो खोटं बोलत नसतो, त्याचं मशीन वेगळं असतं इतकंच.

सीएस २ मध्ये बाकी सगळं ठीक चालतं पण स्मोकजवळ गेलं की एफपीएस पडतात, हे रेझोल्यूशनमुळे का?

बऱ्यापैकी हो. सीएस २ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा स्मोक पूर्ण बदलला. आधीच्या सीएस:गो मध्ये तो चपट्या चित्रांचा ढिगारा होता, आता खरा त्रिमितीय ढग असतो, गोळी मारली की भोक पडतं, एचई (स्फोटक ग्रेनेड) टाकला की क्षणभर विरतो. दिसायला भारी, पण त्यातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक पिक्सेलला कार्डाने ढगाचा हिशेब करायचा असतो. लांबून बघताना स्मोक स्क्रीनचा छोटासा कोपरा असतो त्यामुळे काही वाटत नाही, पण तुम्ही स्मोकच्या तोंडाशी उभे राहिलात की अख्खी स्क्रीन स्मोक झाली, म्हणजे सगळे वीस लाख पिक्सेल महागडे झाले. आणि नेमकं तिथेच मारामारी होते.

म्हणून छोट्या कार्डवाल्यांसाठी रेझोल्यूशन कमी करण्याचा खरा फायदा सरासरी एफपीएसमध्ये नाही, या असल्या क्षणात दिसतो. सरासरी २०० आणि स्मोकमध्ये ७० यापेक्षा सरासरी १६० आणि स्मोकमध्ये १२० केव्हाही चांगलं. टेस्ट करताना पण हेच बघा, स्वतःच स्मोक टाका, त्याला नाक लावून उभे रहा आणि आकडा वाचा.

माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, मग ६० च्या वरचे एफपीएस वायाच ना?

पूर्ण वाया नाही. ६० हर्ट्झ मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवीन चित्र दाखवतो, ते बदलणार नाही. पण गेम २०० एफपीएसवर चालत असेल तर मॉनिटरने उचललेली फ्रेम ताजी असते, जेमतेम ५ मिलिसेकंदांपूर्वी बनायला घेतलेली, आणि ६० वर चालत असेल तर तीच शिळी असते. माउस हलका वाटतो तो त्यामुळे. टेअरिंग (चित्र मध्येच आडवं फाटल्यासारखं) दिसतं थोडं, पण शूटरमध्ये बहुतेकांना चालतं.

मात्र रेझोल्यूशन घाण करून ६० हर्ट्झवर २०० चे ३०० एफपीएस करण्यात काही अर्थ नाही. चित्र चांगलंच राहू द्या आणि पैसे साठवून कधीतरी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. ६० वरून १४४ म्हणजे १६.७ चे ६.९ मिलिसेकंद, जवळपास १० चा फायदा. १४४ वरून २४० म्हणजे ६.९ चे ४.२, आणि २४० वरून ३६० म्हणजे ४.२ चे २.८. पहिली उडी डोळे उघडते, तिसरी बहुतेकांना कळत पण नाही, विकणारे काही म्हणोत.

प्रो खेळाडू एवढ्या भारी पीसीवर १२८०×९६० स्ट्रेच का खेळतात? त्यांना एफपीएसची काय कमी?

एफपीएसची कमी नाहीच. सिंपल, झायवू असले काउंटर-स्ट्राइकचे नावाजलेले प्रो खेळाडू वर्षानुवर्षं १२८०×९६० स्ट्रेचवर खेळत आली, त्यांच्यासमोर स्पर्धेत २४ इंची जोरदार मॉनिटर असतो आणि पीसी पण तसाच. कारण बरंचसं सवयीचं आहे आणि थोडंसं चित्राच्या मापाचं.

सवयीचं असं की काउंटर-स्ट्राइक मोठा झाला तो सीआरटी मॉनिटरच्या काळात. काउंटर-स्ट्राइक १.६ ही जुनी आवृत्ती लोक ६४०×४८० किंवा ८००×६०० वर खेळायचे, कारण सीआरटीला ठरलेले पिक्सेल नसायचे, कुठलंही रेझोल्यूशन सारखंच स्वच्छ दिसायचं, वर रेझोल्यूशन कमी ठेवलं की रिफ्रेश रेट १०० हर्ट्झ आणि पुढे नेता यायचा. स्क्रीन ४:३ च होती. मग रुंद एलसीडी आले पण हात आणि डोळे त्या मापाला बसलेले, पुढची पिढी त्यांच्या सेटिंग कॉपी करून शिकली, आणि ही परंपरा चालू राहिली. ताणाताणी तर त्याहून जुनी आहे, १९९३ चा डूम ३२०×२०० वर, म्हणजे फक्त ६४,००० पिक्सेलवर चालायचा आणि ते चित्र सुद्धा ४:३ च्या स्क्रीनवर उभं ताणूनच दिसायचं.

आता माप. सीएस २ मध्ये १६:९ ला आडवा व्ह्यू, म्हणजे समोरचं किती रुंद दिसतं ते, साधारण १०६ अंश मिळतो, ४:३ ला ९० अंश. उभा व्ह्यू दोन्हीकडे सारखा. म्हणजे ४:३ मध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ अंश कापले गेले, आणि उरलेलं चित्र ताणून पूर्ण स्क्रीनभर केलं. त्यामुळे शत्रू ३३ टक्के रुंद दिसतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण तो आडवा पळतो तेव्हा स्क्रीनवर ३३ टक्के जास्त वेगाने सरकतो, कारण ताणलंय ते सगळंच ताणलंय. आणि ते कापलेले आठ अंश म्हणजे मिराज मॅपवर ए साइटला (बॉम्बच्या जागेवर) उभं असताना बाजूने येणारा तो एक पोरगा, जो १६:९ वाल्याला कडेला दिसला असता आणि तुम्हाला दिसला नाही.

माझं मत विचाराल तर रुंद मॉडेलमुळे काही लोकांना क्रॉसहेअर (नेमाचं चिन्ह) ठेवायला खरंच आत्मविश्वास येतो, आणि शूटरमध्ये आत्मविश्वास ही काही छोटी गोष्ट नाही. आवडत असेल तर खेळा. पण प्रो खेळतात म्हणून आपला एम, म्हणजे नेम सुधारेल ही आशा सोडा.

कमी रेझोल्यूशनवर लांबचा शत्रू दिसतच नाही, हा भास आहे की खरं?

खरं आहे, आणि कागदावर मोजता येतं. २५ सेंटिमीटरचं डोकं ३० मीटरवर आहे असं धरू, व्ह्यू सीएस २ चाच. १०८०पीवर ते डोकं ६ पिक्सेलचं. ७२०पीवर ४. १४४०पीवर ८ आणि ४के वर १२. चार पिक्सेलमध्ये डोकं आणि खांदा वेगळा ओळखायचा म्हणजे अंदाजपंचे काम, त्यात मागची भिंत त्याच रंगाची असेल तर संपलंच.

१२८०×९६० वर तेच डोकं जेमतेम ५ पिक्सेलचं रंगवलं जातं, मग ताणल्यावर १०८०पीच्या मॉनिटरवर आडवं ८ पिक्सेल आणि उभं ६ पिक्सेल जागा घेतं. म्हणजे १६:९ च्या ६ ऐवजी ८ रुंद झालं, पण आत माहिती पाच पिक्सेलचीच, बाकी सगळं पसरवलेलं पीठ. जवळच्या मारामारीत हे अजिबात जाणवत नाही, डस्ट २ मॅपच्या लाँग नावाच्या लांब रस्त्यावर ऑप (स्नायपर रायफल) धरून बसलात की जाणवतं.

म्हणून १०८०पीच्या मॉनिटरवर ९०० पीच्या खाली जाण्याआधी मी तरी दहा वेळा विचार करेन. १६००×९०० म्हणजे १४,४०,००० पिक्सेल, १०८०पीच्या ६९ टक्के, कार्डाला बरीच उसंत मिळते आणि चित्र अजून चित्रासारखं दिसतं.

व्हॅलोरंटमध्ये स्ट्रेच केलं तर शत्रू जाडे दिसतात का?

नाही. व्हॅलोरंटने सगळ्यांना आडवा १०३ अंशांचा व्ह्यू ठरवून दिलाय. गेमच्या सेटिंगमधून ४:३ लावून फिल (चित्र स्क्रीनभर पसरवणारा पर्याय) केलंत तर मेनू, मिनिमॅप आणि अक्षरं ताणली जातात, शत्रू तेवढाच बारीक राहतो. त्यावर उपाय म्हणून लोक डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मॉनिटरच डिसेबल करतात आणि काय काय उद्योग करतात. एवढा वेळ रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर घालवला तर दोन रँक वर जाल.

नेटिव्हपेक्षा, म्हणजे मॉनिटरच्या मूळ रेझोल्यूशनपेक्षा कमी लावलं की सगळं धुरकट का दिसतं? आणि स्केलिंग जीपीयूवर ठेवू की डिस्प्लेवर?

एलसीडीला पिक्सेल ठरलेले असतात. १९२० च्या जागी १२८० आले की एका पिक्सेलला दीड पिक्सेल जागा भरायची, अर्धा पिक्सेल तर पेटवता येत नाही, म्हणून शेजारचे रंग मिसळावे लागतात आणि कडा पुसट होतात.

स्केलिंग जीपीयूवर ठेवा. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये किंवा एएमडीच्या अ‍ॅड्रेनालिनमध्ये ते मिळतं, त्यातच फुल स्क्रीन म्हणजे ताणलेलं आणि अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. यात कार्डावर जाणवण्यासारखा भार येत नाही.

यात एक मोठी गोची आहे जी निम्म्या लोकांच्या लक्षातच येत नाही. रेझोल्यूशन बदललं की कधीकधी रिफ्रेश रेट गुपचूप ६० हर्ट्झवर येतो, कारण त्या रेझोल्यूशनला १४४ किंवा २४० चा पर्याय विंडोजला सापडत नाही. वर एफपीएसचा आकडा २५० दाखवतोय आणि हातात गेम जड लागतोय, तर आधी हे बघा. मॉनिटरच्याच मेनूमध्ये चालू हर्ट्झ दिसतात. ६० निघाले तर कंट्रोल पॅनलमधून कस्टम रेझोल्यूशन बनवून त्याला पूर्ण हर्ट्झ द्या, आणि गेम फुलस्क्रीनमध्ये चालवा. बॉर्डरलेस विंडोमध्ये बरेच गेम डेस्कटॉपचंच रेझोल्यूशन धरतात, तुम्ही काहीही निवडा.

एफएसआर, डीएलएसएस लावलं तर चालेल ना? त्यात तर चित्र पण चांगलं राहतं म्हणे.

एफएसआर एएमडीचं, डीएलएसएस एनव्हीडियाचं, पण दोन्ही आतून रेझोल्यूशन कमीच करतात आणि मग चित्र मोठं करतात. क्वालिटी मोडला रुंदी आणि उंची दोन्ही साधारण ६७ टक्के, परफॉर्मन्सला ५० टक्के. म्हणजे १०८०पीवर परफॉर्मन्स लावलं तर आतून गेम ९६०×५४० चालतोय, पाचेक लाख पिक्सेल. आता वर दिलेला डोक्याचा हिशेब आठवा, ३ पिक्सेल.

सीएस २ मध्ये एफएसआरची पहिली पिढी आहे, २०२१ ची, ती फक्त समोरच्या एका फ्रेमकडे बघून कडा धारदार करते. त्यामुळे लांबच्या बारीक गोष्टी कुरकुरीत, चमचमत्या दिसतात. अल्ट्रा क्वालिटी चालून जातं, त्याखाली मला तरी नाही आवडत. डीएलएसएस २ आणि पुढचे प्रकार मागच्या फ्रेमची माहिती वापरतात म्हणून स्थिर चित्र खूपच चांगलं येतं, पण ते गेममध्ये असावं लागतं आणि सीएस २ मध्ये ते नाही. कॉल ऑफ ड्युटीसारख्या जड गेममध्ये, १४४०पी किंवा ४के मॉनिटर असेल तर बिनधास्त क्वालिटी लावा. १०८०पीवर जपून.

फ्रेम जनरेशन मात्र स्पर्धेच्या शूटरमध्ये नको. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घुसवतं, त्यासाठी खरी फ्रेम थांबवून ठेवावी लागते. आकडा वाढतो आणि माउस जड होतो, म्हणजे ज्यासाठी एफपीएस हवे होते नेमकं तेच गेलं.

मग रेझोल्यूशनच्या आधी काय कमी करू?

कार्ड अडलंय हे टेस्टमध्ये कळलं असेल तर पहिली कात्री एमएसएएवर, म्हणजे कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगवर. ८एक्स असेल तर ४एक्स, ४एक्स असेल तर २एक्स किंवा सीएमएए२ (त्याच कामाचा हलका पर्याय). मग अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्या-सांध्यांतली बारीक सावली) बंद, शेडर डिटेल लो, पार्टिकल डिटेल लो. एवढं करून भागलं नाही तर रेझोल्यूशनला हात लावा.

सावल्या पूर्ण खाली नेऊ नका. सीएस २ मध्ये कोपऱ्यावरून शत्रूची सावली आधी दिसते आणि मग शत्रू, ती फुकटची माहिती घालवून दहा एफपीएस कमावणं म्हणजे तोट्याचा धंदा.

टेक्सचरची (भिंती, मॉडेल यांच्यावर चिकटवलेली चित्रं) गोष्ट वेगळी, ते व्हीरॅमचं, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं प्रकरण. रेझोल्यूशन कमी करून व्हीरॅम फारसा वाचत नाही, १०८०पीची एक साधी फ्रेम जेमतेम ८ एमबीची असते, गिगाबाइट खातात ती टेक्सचर. ४ जीबीच्या कार्डवर गेम मध्येच हिचकी खात असेल तर टेक्सचर खाली करा.

लॅपटॉपवर खेळतो, जीटीएक्स १६५० चं कार्ड, ८ जीबी रॅम. ७२०पी केलं तरी अडकतंय.

मग रेझोल्यूशनच्या मागे लागू नका, दुखणं दुसरीकडे आहे. बहुतेक स्वस्त गेमिंग लॅपटॉप ८ जीबीची एकच स्टिक लावून येतात, म्हणजे सिंगल चॅनेल, प्रोसेसरला रॅमचा अर्धाच रस्ता मिळतो. वर ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडं असलं की ८ जीबी भरून जातात आणि गेम डिस्कवर उड्या मारायला लागतो. तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक टाकून बघा, शूटरमध्ये सगळ्यात जास्त फरक खालच्या आकड्यात दिसतो, तो एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) म्हणतात ना, त्यात. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन भाव करून घ्या, पण मॉडेलचा डीडीआर ४ की ५ ते आधी बघून जा. कार्डच नसलेल्या, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर दुसरी स्टिक म्हणजे जवळपास नवीन मशीन, कारण त्यांचं ग्राफिक्स सुद्धा तीच रॅम वापरतं.

दुसरं म्हणजे गरमी. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडे खोलीतच ४० च्या आसपास तापमान असतं, लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची जाळी बंद, मग पहिली मॅच मस्त आणि दुसऱ्या मॅचपासून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. मागून उचलून ठेवा, धूळ काढा. एफपीएस कॅप लावला तर अजून बरं, १४४ हर्ट्झच्या स्क्रीनला २५० एफपीएस काढून लॅपटॉप भाजत बसायची गरज नाही. कार्डावरचा भार कमी व्हावा म्हणून रेझोल्यूशन थोडं उतरवणं इथे खरंच उपयोगी पडतं, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये कार्ड आणि प्रोसेसर एकाच तांब्याच्या पाइपावर थंड होतात, एक निवला की दुसऱ्याला श्वास मिळतो.

आणि चार्जर. बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप निम्म्या ताकदीने सुद्धा चालत नाही.

कार्ड ९९ टक्क्यांवर चाललंय म्हणजे चांगलंच ना, पूर्ण वापर होतोय?

सिंगल प्लेयर गेममध्ये चांगलं. स्पर्धेच्या शूटरमध्ये तितकं नाही, कारण कार्ड पूर्ण भरलं की प्रोसेसरने तयार केलेल्या फ्रेम रांगेत थांबतात, आणि तुमचं क्लिक त्या रांगेत मागे उभं राहतं. आकडा १८० दिसतो पण हाताला १२० सारखं लागतं. एनव्हीडियाचं रिफ्लेक्स नेमकी ही रांग मोडतं, सीएस २ आणि व्हॅलोरंट दोन्हीत आहे, चालू ठेवा. नसेल तर एफपीएस थोडा खाली कॅप करा, किंवा रेझोल्यूशन एक पायरी उतरवा म्हणजे कार्ड ८५-९० वर येईल. हा रेझोल्यूशनचा असा फायदा आहे जो एफपीएसच्या आकड्यात दिसत नाही.

एएमडीवाल्यांनी ऑक्टोबर २०२३ चा किस्सा ऐकला असेलच, अँटी-लॅग प्लस नावाच्या सोयीने गेमच्या कोडमध्ये हात घातला आणि सीएस २ मध्ये प्रामाणिक लोकांना चीटर म्हणून बॅन बसले. एएमडीने ते मागे घेतलं आणि बॅनही उठवले गेले. तेव्हा असल्या गोष्टी गेमच्या सेटिंगमध्ये असतील त्याच वापरा, बाहेरून लावलेल्या नको.

रेझोल्यूशन कमी केलं तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) कमी होईल?

नाही हो. सर्व्हरला तुमची स्क्रीन केवढी आहे हे माहीतही नसतं. सीएस २ आणि व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत, पुण्यातून पिंग ८० येत असेल तर वायफाय सोडून केबल लावा.

रेझोल्यूशन बदललं तर माउसची सेन्सिटिव्हिटी बदलावी लागते का?

नाही. माउस एवढा सरकला की एवढे अंश वळायचं असा हिशेब असतो, त्यात पिक्सेल येत नाहीत. स्ट्रेचवर आडवं जास्त वेगाने फिरल्यासारखं वाटतं ते फक्त डोळ्यांना, हाताचं अंतर तेच राहतं. चार-पाच दिवस तसंच खेळा, सवय होते. रोज रेझोल्यूशन आणि सेन्स दोन्ही बदलणारे लोक मी बघितलेत, त्यांचा एम कधीच बसत नाही.

नवीन मॉनिटर घेतोय, १०८०पी घेऊ की १४४०पी?

मापावरून ठरवा. २४ इंचाला १०८०पी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल, ठीकठाक. २७ इंचाला १०८०पी म्हणजे ८२ वर येतं, दाणे दिसतात, ते घेऊ नका. २७ ला १४४०पीच, तिथे १०९ पडतात. पण १४४०पी म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल, १०८०पीच्या पावणेदोनपटीपेक्षा थोडे जास्तच, आणि ते रोज तुमच्या कार्डाला रंगवायचेत. फक्त व्हॅलोरंट खेळत असाल तर तो गेम हलका आहे, मध्यम कार्डवर सुद्धा निघून जाईल. सीएस २, वॉरझोन असं सगळं खेळायचं असेल आणि कार्ड जुनं असेल तर २४ इंची १०८०पी, पण हर्ट्झ जास्त. ४के म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट पिक्सेल, स्पर्धेच्या शूटरसाठी त्या वाटेला जाऊच नका.

मोबाइलवर कॉल ऑफ ड्युटी खेळतो, तिथे पण हेच सगळं लागू?

थोडंफार. फोनची स्क्रीन कितीही पिक्सेलची असली तरी गेम बऱ्याचदा आतून कमीवर रंगवून मोठं करतो, ग्राफिक्स क्वालिटीचा पर्याय खाली केला की त्यात बहुतेक तेच होतं. फोनला पंखा नसतो, त्यामुळे खरी लढाई तापमानाशी. ग्राफिक्स लो आणि फ्रेम रेट जितका मिळेल तितका वर, ही जोडी बहुतेकांना बसते. चार्जिंगला लावून खेळू नका.

सगळं करून झालं, नवीन कार्ड टाकलं, तरी ७२०पीला पण ४० एफपीएस येतात. काय करू?

मॉनिटरची केबल पीसीच्या मागे कुठे लावलीय बघा. वर, यूएसबीच्या शेजारी उभ्या पोर्टमध्ये असेल तर ती मदरबोर्डला लागलीय आणि तुमचं नवीन कार्ड आरामात बसलंय. खाली आडव्या पोर्टमध्ये लावा. जमलं तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरा, जुन्या एचडीएमआयवर बऱ्याचदा १४४ हर्ट्झ मिळत नाहीत, आणि मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः निवडा, ते आपोआप होत नाही.